जकार्डच्या पुठ्ठ्यावर

निंगव्वा म्हेत्रे कांड्या भरायची
बाराव्या मागाच्या मागं, खिडकीपाशी.
खिडकी म्हणजे काय, पत्र्याला पडलेली फट;
तेवढ्यातून सोलापूरचा एप्रिल आत यायचा.

झिजलेले पुठ्ठे रद्दीत जायचे, किलोवर.
मोराचे, कमळाचे, कुठल्याशा शिखराचे,
सगळ्यांवर नुसती भोकं.
मोर कुठला नि कमळ कुठलं, नंबर पुसला
तर मलाही सांगता आलं नसतं,
वीस वर्षं तेच लावत होतो तरी.
ती त्यातले मूठभर उचलायची, पदराखाली.
मालकानं बघितलं होतं. काही बोलला नाही.

रंग रंगखान्यातला, बादलीच्या तळाचा:
लाल, हिरवा, आणि चुकून झालेला एक जांभळा
जो नंतर कुणालाच परत जमला नाही.
कुंचला म्हणजे बाभळीची काडी, दातानं चावलेली.

पुठ्ठा हातभर लांब, तीन बोटं रुंद.
त्यात झाड मावत नाही.
म्हणून अक्कलकोटच्या अलीकडचा तिचा माळ
तसाच्या तसा बसला, आडवा.
शाळू उपटणाऱ्या बाया एका ओळीत,
कमरेतून वाकलेल्या, हाताला चिंध्या गुंडाळून.
एक मध्येच बसून पायातला काटा काढतेय
आणि तिच्या पाठीवर दुसऱ्याच कुणाचं पोर.
खळ्यावर झोपलेला कंडक्टर,
तिकिटांची पेटी उशाला.
‘एस्टी बंद पडली होती त्या दिवशी,’
ती म्हणाली, जणू मी विचारलं होतं.

मी विचारलं ते वेगळंच:
सगळी वाकलेलीच का?
‘उभं माणूस मावतंय का ह्यात, नरसप्पा?
आणि रानात उभं कोण असतंय? मुकादम.’

भोकांचं तिला काही वाटायचं नाही.
जिथं आली तिथं आली.
कधी दाणे, कधी मेंढीच्या कानापाशी गोमाश्या,
कधी बैलाच्या पोटातून आरपार आभाळ.

पुण्याहून एक सर आले कापडाचा अभ्यास करायला.
पुठ्ठे बघून खालीच बसले, पँट मळवून.
म्हणाले, मोठ्या कागदावर काढा, मी पाठवतो.
डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका काढा,
लोकांना आवडतं.
‘आमच्यात टँकर येतो,’ ती म्हणाली.
मग टँकरच काढला, पुठ्ठ्यावर; छान मावला.
नळीपाशी बारा हात. माणसं नाहीत, नुसते हात.
सरांच्या कागदावर तिनं पापड वाळत घातले.

एका रात्रपाळीला
तिचा एक पुठ्ठा मी माळेत ओवला,
नंबर बघून, मोराच्या मानेच्या जागी.
बघू तरी काय विणतंय.
माग अडखळला नाही.
भोकं वाचली, बाया वाचल्या नाहीत.
आली ती मोराची मान, नेहमीसारखीच,
आणि चादर घडी होऊन गेली
कुणाच्या तरी आहेरात.
सकाळी तिला सांगितलं, जरा ओशाळून.
ती कांडी न थांबवता हसली:
‘त्याला काय कळतंय.
त्यो माझ्या गावाला गेलाय का कधी?’

पुढं माग भंगारात गेले.
नव्या मशीनला पुठ्ठा लागत नाही,
मोर कॉम्प्युटरात असतो.
शेवटच्या दिवशी तिनं एक गुंडाळी दिली मला,
सुतानं शिवलेले नऊ पुठ्ठे, एकाखाली एक.
घरी आणून दाराच्या चौकटीला टांगले
तेव्हा कळलं, आई होती तिची.
वरच्यावर केस, त्याखाली कुंकू नि डोळे,
असं उतरत उतरत
नवव्यावर पावलं, भेगांसकट.
दोन्ही बाजूंना माळ.
मध्ये ती, उभी.
हात मोकळे. काहीच करत नव्हती.

तीन वाजता ऊन येतं आमच्या दारातून,
भोकांतून गळून फरशीवर पडतं.
नातू त्या ठिपक्यांवर पाय ठेवायला बघतो.
ठिपका पायावर येतो.
तो परत प्रयत्न करतो.